बीटवरचा पोलीस बीटवर राहू द्या

१० सप्टेंबर २०२१ च्या पहाटे मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवरून एका वॉचमननं पोलीस कंट्रोल रूमला फोन केला. एका बाईला मारहाण होतेय, अशी ती खबर होती. दहा मिनिटांच्या आसपास पोलीस तिथे पोचले. ती एका टेम्पोत रक्ताच्या थारोळ्यात पडली होती. अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघण्यात वेळ जाईल म्हणून एका पोलिसानं तोच टेम्पो स्वतः चालवत राजावाडी रुग्णालय गाठलं. काही तासांत सीसीटीव्हीच्या मदतीनं आरोपी सापडला. दुसऱ्या दिवशी ती बाई गेली.

कॉल आल्यानंतर पोलिसानं काय करायचं असतं ते त्या रात्री नीट झालं होतं. फोन लगेच उचलला गेला, गाडी लगेच निघाली, जागेवर पोचलेल्या माणसानं डोकं शांत ठेवून जीव वाचवण्याला पहिलं प्राधान्य दिलं. नियमाच्या पुस्तकात टेम्पो चालवायचा की नाही हे शोधत तो बसला नाही. त्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. आणि म्हणूनच त्या घटनेतून पुढचा प्रश्न विचारायला हवा, कारण पोलीस वेगानं येऊनही ती वाचली नाही.

तेव्हाचे पोलीस आयुक्त हेमंत नगराळे यांनी प्रत्येक गुन्ह्याच्या ठिकाणी पोलीस हजर असू शकत नाहीत, अशा आशयाचं विधान केलं आणि त्यावर गदारोळ झाला. विधान खरंच होतं. पण त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यांना जे आदेश गेले ते फारसे कुणी वाचले नाहीत. अंधाऱ्या आणि निर्जन जागांची यादी करा, महापालिकेकडून तिथे दिवे लावून घ्या, रस्त्याकडेला बेवारस उभे असलेले टेम्पो आणि ट्रक हटवा, अशा ठिकाणी गस्त वाढवा. ही यादी घटनेनंतर करावी लागली, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. कुठल्या गल्लीतला दिवा महिनाभर बंद आहे, कुठला टेम्पो चार महिने हललेला नाही आणि त्यात रात्री कोण झोपतं, हे ज्याला रोज ठाऊक असायला हवं असा एक माणूस पोलीस ठाण्यात असतो. त्याला बीट अंमलदार म्हणतात. गेल्या काही वर्षांत आपण त्याला त्याच्या बीटवरून उचलून भलत्याच कामांना जुंपलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की कॉलला वेगानं पोचण्याची यंत्रणा आपण उभी केली, ते चांगलं झालं, पण त्या नादात गस्त मारली गेली. आता ती परत आणली पाहिजे, आणि त्यासाठी बीटवरचा माणूस बीटवरच ठेवावा लागेल.

पोलीस ठाण्याची हद्द छोट्या भागांत, म्हणजे बीटमध्ये, वाटलेली असते. प्रत्येक बीटला एक अधिकारी, काही हवालदार आणि शिपाई नेमलेले असतात, बहुतेक ठिकाणी चौकीही असते. या माणसांची मूळ कामं वाचली तर ती आजही शहाणपणाची वाटतात. तडीपार केलेला माणूस गुपचूप परतला आहे का ते पाहणं, तुरुंगातून सुटून आलेल्याची खबर ठेवणं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दारात डोकावणं, शाळा-कॉलेज सुटताना फाटकाशी उभं राहणं, समन्स पोचवणं, पासपोर्टची चौकशी करणं, आणि या सगळ्याच्या मधल्या वेळात नुसतं फिरणं. शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे. चहाच्या टपरीवर थांबणं, इस्त्रीवाल्याशी बोलणं, वॉचमनला नावानं हाक मारणं, यातून जी माहिती मिळते ती दुसऱ्या कुठल्याच मार्गानं मिळत नाही. साकीनाक्याच्या त्या वॉचमननं फोन केला, म्हणून पोलिसांना कळलं. असा फोन करायला बळ येतं ते पोलिसाशी ओळख असल्यानं.

आता कॉलची बाजू बघू. २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर देशभर एकच आपत्कालीन क्रमांक असावा असं ठरलं आणि निर्भया निधीतून ११२ ची यंत्रणा उभी राहिली. महाराष्ट्रात तिचं मुख्य केंद्र नवी मुंबईत महापे इथे आणि दुसरं नागपुरात आहे. तुम्ही ११२ फिरवला की तो फोन आधी तिथे जातो. बोलणारा कर्मचारी तुमची अडचण नोंदवतो, ठिकाण नकाशावर येतं, मग ती नोंद तुमच्या जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षाकडे जाते आणि तिथून जवळच्या गाडीतल्या स्क्रीनवर उतरते. गाडीतल्या पोलिसानं कॉल स्वीकारला, निघालो, पोचलो, अशी बटणं दाबायची असतात, आणि काम झालं की केलेली कारवाई लिहून कॉल बंद करायचा असतो. प्रत्येक टप्प्याची वेळ आपोआप नोंदली जाते.

पूर्वी १०० नंबर लावला आणि कुणी आलंच नाही, तर कुणाला जाब विचारायचा तेच कळत नसे. आता किती वाजता फोन आला आणि किती वाजता गाडी पोचली, याचा पुरावा राहतो. ही फार मोठी सुधारणा आहे आणि ती मोडीत काढा असं कुणीही म्हणू नये. रस्त्यावर अपघात झालाय, घरात चोर शिरलाय, कोयते घेऊन पोरं धावताहेत, तिथे मिनिटालाच किंमत असते.

अडचण अशी, की जे मोजता येतं त्याचीच बैठकीत विचारपूस होते. पोलीस अधीक्षकांच्या आढाव्यात कॉलला पोचायला लागलेला सरासरी वेळ पडद्यावर दिसतो. गल्लीतला दिवा बीट अंमलदारानं पाठपुरावा करून लावून घेतला, हे कुठल्याही पडद्यावर दिसत नाही. मग ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक स्वाभाविकपणे आपली चांगली माणसं गाडीवर आणि बीट मार्शलच्या दुचाकीवर देतो. बीट मार्शल म्हणजे मोटारसायकलवरची दोन माणसं, काही शहरांत त्यांना चार्ली म्हणतात. नाव बीटचं असलं तरी त्यांचं सगळं काम एका कॉलवरून दुसऱ्या कॉलवर धावण्याचं झालं आहे. दोन कॉलच्या मध्ये जो वेळ मिळतो त्यालाच गस्त म्हणायचं, अशी आता रीत पडली आहे. तेवढ्या वेळात ही दोन माणसं हेल्मेट घालून गल्लीतून वीस सेकंदांत निघून जातात. त्यांना कुणी थांबवत नाही, आणि ती कुणाशी बोलत नाहीत.

अशा गस्तीनं काही साधतं का, हे एका शहरानं खरोखर तपासून पाहिलं आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये ऑक्टोबर १९७२ पासून वर्षभर एक प्रयोग झाला. शहराच्या दक्षिण विभागातले १५ बीट तीन गटांत वाटले. एका गटात गस्त पूर्ण बंद केली, पोलिसांची गाडी फक्त कॉल आला तरच आत जायची. दुसऱ्यात नेहमीइतकी गस्त ठेवली. तिसऱ्यात ती दुप्पट-तिप्पट केली. वर्षाअखेर पाहिलं तर गुन्हे, लोकांच्या मनातली भीती आणि पोलिसांबद्दलचं समाधान, यांपैकी कशातच तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. गस्त बंद केलेल्या भागातल्या बऱ्याच लोकांना गस्त बंद झाली आहे हे जाणवलंच नाही. त्याच शहरात पुढे झालेल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. बरेचसे गुन्हे घडून गेल्यावर उशिरा लक्षात येतात, आणि लक्षात आल्यावरही लोक पोलिसांना फोन करायला वेळ लावतात. आधी नातेवाइकाला फोन, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग पोलीस. गाडीनं दोन मिनिटं वाचवली तरी त्या आधीच्या उशिरापुढे ती फार थोडी ठरतात.

यावरून काही जणांनी गस्त निरुपयोगी आहे असा अर्थ काढला, तो चुकीचा आहे. निरुपयोगी ठरलं ते गाडीत बसून दिशाहीन फिरणं. न्यूअर्क शहरात १९७० च्या दशकाच्या शेवटी पायी गस्त तपासली गेली, तेव्हा गुन्ह्यांचे आकडे फारसे हलले नाहीत, पण लोकांची भीती कमी झाली आणि पोलिसांबद्दलचं मत सुधारलं. मिनियापोलिसमध्ये पोलिसांना येणारे कॉल पत्त्यानुसार मांडले, तर शहरातल्या जेमतेम साडेतीन टक्के पत्त्यांवरून निम्मे कॉल येत होते. म्हणजे गुन्हा शहरभर सारखा पसरलेला नसतो, तो ठरावीक कोपऱ्यांवर साचतो. अशा कोपऱ्यावर पोलीस दहा ते पंधरा मिनिटं थांबला, तर तो निघून गेल्यावरही काही वेळ तिथे शांतता राहते, असंही पुढच्या अभ्यासात दिसलं. त्याहून जास्त थांबल्यानं वेगळा फायदा होत नाही. फिलाडेल्फियात २००९ च्या उन्हाळ्यात सगळ्यात हिंसक कोपऱ्यांवर नव्या पोलिसांना पायी गस्तीवर लावलं, तेव्हा तिथले हिंसक गुन्हे, पायी गस्त नसलेल्या तशाच भागांच्या तुलनेत, २३ टक्क्यांनी कमी झाले.

अमेरिकेतलं शहर आणि आपली मुंब्रा-कळव्याची वस्ती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मला कळतं. तिथल्यासारखी बंदूक इथे घराघरांत नाही, आणि तिथल्या रस्त्यांवर इथल्यासारखी माणसं नाहीत. पण एक गोष्ट दोन्हीकडे लागू आहे. पोलीस कुठे थांबतो, किती वेळ थांबतो आणि कुणाशी बोलतो, यावर गस्तीचं फळ ठरतं. किती किलोमीटर फिरला, यावर ठरत नाही.

आणि यासाठी फार लांब जायचीही गरज नाही. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी मोहल्ला कमिट्या बसवल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि त्या भागातला पोलीस, यांनी एकत्र बसायचं, किरकोळ कुरबुरी तिथेच ऐकायच्या. पोलीस पहिल्यांदाच लोकांना नावानिशी ओळखू लागला आणि लोक त्याला. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. त्यावरून मुंबईतही पुढे मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. याचं श्रेय बीटच्या पातळीवरच्या ओळखीला जातं.

आता एक कॉल जवळून पाहू, कारण सगळी परीक्षा तिथेच होते. रात्री साडेअकराला चाळीतून कॉल येतो, शेजारच्या खोलीत भांडण चाललंय, बाई ओरडतेय. बीट मार्शल पोचतात. दारात गर्दी आहे. घाईतला पोलीस तिथूनच ओरडतो, कोणी फोन केला? त्या एका प्रश्नानं त्या चाळीतून पुढचा फोन येण्याची शक्यता संपते, कारण ज्यानं केला त्याला उद्या त्याच जिन्यावरून चढायचं असतं. मग नवरा-बायकोला एकमेकांसमोर उभं करून विचारलं जातं, काय झालं? बाई म्हणते काही नाही. नवरा म्हणतो, साहेब, घरातली गोष्ट आहे. पोलीस दम भरतो, परत कॉल आला तर आत टाकीन म्हणतो, आणि खाली येऊन स्क्रीनवर लिहितो, घरगुती वाद, समज देऊन मिटवला. कॉलला पोचायला सहा मिनिटं लागली, मिटायला चार. आढाव्यात हा कॉल चांगला दिसणार.

हेच दुसऱ्या पद्धतीनं होऊ शकतं आणि काही पोलीस ते रोज करतात. आधी गर्दी पांगवायची. दोघांना वेगळं करायचं, एकानं नवऱ्याशी गॅलरीत बोलायचं, दुसऱ्यानं, शक्यतो महिला पोलिसानं, बाईशी आत. मनगटावर, गळ्यावर खुणा आहेत का ते बघायचं. पोर कुठं झोपलंय, ते जागं आहे का, ते बघायचं. घरात दारूची बाटली, चाकू, काठी काय पडलंय ते लक्षात ठेवायचं. आधी कधी असं झालंय का, हे विचारायचं. जखम असेल तर दवाखान्यात न्यायचं. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवायचा. २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सर्वोच्च न्यायालयानं तो नोंदवणं बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं आहे. बाई तक्रार द्यायला तयार नसेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याबद्दल तिला दोन वाक्यांत सांगायचं, नंबर लिहून द्यायचा. आणि सगळ्यात शेवटी, दुसऱ्या दिवशी दुपारी, नवरा कामावर असताना, बीट अंमलदारानं त्या घरी एक चक्कर मारायची.

ही दुसऱ्या दिवशीची चक्कर कुणी मारायची, हाच माझा प्रश्न आहे. रात्रीचे बीट मार्शल पुढच्या कॉलला गेले, त्यांची पाळी संपली. ११२ च्या हिशेबात कॉल बंद झाला. सकाळच्या पाळीतल्या पोलिसाला रात्री काय झालं ते बहुधा ठाऊकच नसतं. त्या बाईला परत काही झालं तर परत एक नवा कॉल, परत नव्या दोन माणसांसमोर पहिल्यापासून सगळं सांगणं. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती फोन करणं सोडते. एकाच पत्त्यावरून महिन्यात तीन कॉल येत असतील तर ती माहिती यंत्रणेत पडून असते. ती काढून बीट अंमलदाराच्या हातात द्यायला नवीन सॉफ्टवेअर लागत नाही, रोज सकाळच्या हजेरीच्या वेळी एक छापील कागद पुरतो. मिनियापोलिसनं जे पत्ते शोधून काढले ते आपल्याकडे आज तयार आहेत. त्यांच्यामागे फिरायला माणूस मोकळा नाही.

अदखलपात्र तक्रारींचंही असंच आहे. शिवीगाळ, किरकोळ मारहाण, शेजाऱ्याचा त्रास, यांची एनसी होते. न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत, आणि लोकांना वाटतं एनसी म्हणजे कचऱ्याची टोपली. पण एकाच माणसाविरुद्ध चार एनसी झाल्या असतील तर त्याच्यावर चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, करता येते, चांगल्या वागणुकीचं हमीपत्र घेता येतं. तो धागा जोडणारा माणूस पुन्हा बीट अंमलदारच. पाठलाग, छळ, मग हल्ला, अशा कितीतरी प्रकरणांची सुरुवात एका एनसीपासून झालेली नंतर दिसते.

गस्त खरोखर होते की नाही हे पाहण्यासाठीही आपण यंत्रच शोधलं. पूर्वी बँकेच्या दाराशी, सराफाच्या दुकानाबाहेर, मोठ्या सोसायटीच्या फाटकावर एक वही असायची, त्यात रात्रगस्तीचा पोलीस वेळ टाकून सही करायचा. आता बऱ्याच ठिकाणी भिंतीवर क्यूआर कोड चिकटवलेत, मोबाईलवर स्कॅन केला की कुठल्या अधिकाऱ्याच्या पडद्यावर टिंब उमटतं. वहीत बसल्या जागी चार सह्या करता येत, ती पळवाट बंद झाली, हे मान्य. पण आमच्या भागातल्या एका सोसायटीच्या गेटवर मी हे पुष्कळदा पाहिलं आहे. दुचाकी थांबते, मागचा पोलीस खाली न उतरता हात लांब करून कोड स्कॅन करतो, दुचाकी निघते. वॉचमन उठून उभा राहतो, तोवर ती वळणावर असते. त्या दोघांचा दोष नाही. त्यांना रात्रभरात ठरलेले सगळे कोड गाठायचे असतात, आणि मध्ये कॉल आले तर तेही. मोजणी बदलली तर वागणं बदलेल. कोड कमी ठेवा, पण प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं थांबणं आणि तिथल्या एका माणसाशी बोलून एक ओळ लिहिणं सक्तीचं करा.

आता खरा अडसर, बंदोबस्त. महाराष्ट्रातल्या कुठल्याही हवालदाराला विचारा, वर्षातले किती दिवस तो आपल्या बीटवर असतो. गणपती, नवरात्र, मोहरम, आषाढी वारी, एक जानेवारीला कोरेगाव भीमा, १४ एप्रिल, सहा डिसेंबरला चैत्यभूमी, एकतीस डिसेंबरची रात्र, निवडणुका, अधिवेशन, मोर्चे, आणि बारा महिने चालणारे नेत्यांचे दौरे. यातले बहुतेक बंदोबस्त गरजेचे आहेत, लाखो माणसं एका ठिकाणी जमतात तिथे पोलीस लागणारच. नेत्याच्या ताफ्यासाठी रस्त्याकडेला दर पन्नास पावलांवर चार-चार तास उभं केलेल्या माणसाबद्दल मात्र मला तेच म्हणता येत नाही. तो माणूस कुठल्या तरी बीटवरून, कुठल्या तरी चौकीतून उचललेला असतो. चौकीला कुलूप लागतं, आणि त्या भागातल्या लोकांना ते पहिल्या दिवशीच कळतं. गुंडांनाही कळतं.

२७ जून २०२३ ला पुण्यात सदाशिव पेठेत एका तरुणीवर भरदिवसा कोयत्यानं हल्ला झाला. रस्त्यावरच्या पोरांनी जीव धोक्यात घालून तिला वाचवलं. जवळच्या पेरूगेट चौकीत त्या वेळी पोलीस नव्हते. तिघांना निलंबित केलं गेलं. जे जागेवर नव्हते त्यांना जाब विचारायलाच हवा. पण चौकी ही जागा आता पोलीस खात्याच्याच लेखी दुय्यम झाली आहे, ती रिकामी असण्याची सवय वरपासून खालपर्यंत सगळ्यांना झाली आहे, याचा जाब तीन शिपायांकडून मिळणार नाही.

शिवाय माणूस थकलेला आहे. कॉमन कॉज ही स्वयंसेवी संस्था आणि लोकनीती हा संशोधन गट यांच्या २०१९ च्या अहवालात देशातला पोलीस सरासरी दिवसाला चौदा तास काम करतो असं आढळलं. चौदाव्या तासाला आलेल्या कॉलवर नवरा-बायकोला वेगळं करून शांतपणे ऐकून घेण्याची अपेक्षा कुणाकडून करायची? मुंबईत २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यातल्या रवींद्र पाटील या शिपायानं आठ तासांच्या पाळीचा आराखडा स्वतः बनवून तेव्हाचे आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांच्यापुढे मांडला. आयुक्तांनी तो आधी देवनारमध्ये आणि मग शहरभर राबवून दाखवला. आहे त्या मनुष्यबळात हे अशक्य आहे, असं तोवर वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. जे शक्य झालं ते सगळीकडे आणि कायमचं व्हायला हवं होतं. तसं झालेलं नाही.

बीटवर माणूस टिकवण्याला दोन आक्षेप घेतले जातात आणि ते दोन्ही गंभीर आहेत.

पहिला, माणूस एका ठिकाणी रुळला की हप्ते सुरू होतात. बार, मटका, फेरीवाले, अनधिकृत बांधकाम, सगळ्यांशी त्याचं साटंलोटं जमतं. होतं असं, नाकारण्यात अर्थ नाही. पण हप्ता ओळखीतून येत नाही, तो अंधारातून येतो. बीटवरचा पोलीस जर फक्त बारमालकाला ओळखत असेल तर तो विकला जाईल. तो शाळेच्या मुख्याध्यापिकेला, रेशन दुकानदाराला, महिला बचत गटाला आणि समोरच्या मशिदीच्या ट्रस्टींनाही ओळखत असेल, आणि महिन्यातून एकदा या सगळ्यांसमोर बसून उत्तर देत असेल, तर त्याला विकलं जाणं अवघड होतं. कायद्यानं शिपायाला एका ठिकाणी साधारण पाच वर्षांचा कार्यकाळ दिलाच आहे, त्यातली सलग दोन वर्षं तरी एकच बीट द्या, मग बदला. दर तीन महिन्यांनी बीट बदलल्यानं हप्ता थांबत नाही, तो फक्त नव्या माणसाच्या खिशात जातो.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो. गस्त वाढवली की त्रास गरिबालाच होतो. संशयित दिसतो म्हणून रात्री कुणाला उचलायचं, हे ठरवताना पोलिसाचे डोळे आपोआप पालाकडे वळतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मानंच चोर ठरवलेल्या जमाती १९५२ मध्ये विमुक्त झाल्या, पण दरोडा पडला की पारध्यांच्या वस्तीवर पहाटे गाड्या जातात, हे आजही मराठी वर्तमानपत्रांच्या तालुका पानांवर वाचायला मिळतं. अशा गस्तीचा मी पुरस्कार करत नाही. कॉलच्या नोंदींवरून ठिकाणं निवडा, जमाती निवडू नका. कोपरा अंधारा आहे म्हणून तिथे थांबा, तिथे राहणारा माणूस कोण आहे म्हणून नव्हे. आणि बीटवरचा पोलीस त्या वस्तीला कॉल आल्यावरही जातो का, तिथल्या बाईची तक्रारही तितक्याच तत्परतेनं लिहितो का, हेही तपासा. ज्या वस्तीत पोलीस फक्त धरपकडीसाठी येतो, तिथून ११२ ला फोन येत नाहीत, आणि आकड्यांत ती वस्ती शांत दिसते.

ग्रामीण भागाचं गणित थोडं निराळं आहे. एका पोलीस ठाण्याखाली शंभराच्या आसपास गावं असू शकतात, गाडी निघाली तरी घाट उतरून पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो. तिथे पोलीस पाटील आणि ग्रामसुरक्षा दल हेच पहिले पोचणारे. काही जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणेचा एक नंबर फिरवला की गावातल्या सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी तुमचा आवाज जातो, आणि दरोडा पडलेल्या वस्तीवर पोलिसांच्या आधी शेजारी बॅटऱ्या घेऊन पोचतात. शहरानं यातून शिकण्यासारखं आहे. फक्त अफवेवरून निरपराध माणसाला घेराव पडू नये, यासाठी अशा यंत्रणेच्या मागे पोलिसाची ओळखीची आणि सतत हजर असलेली माणसं हवीतच. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पोरं पळवणारी टोळी समजून गावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं, ती माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. दूरवरून निघालेली गाडी तिथे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

सरकारकडून मागायचं ते फार महागाचं नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात काही माणसं ११२ च्या गाड्यांसाठी आणि काही बीटसाठी, अशी वेगवेगळी ठेवा आणि दोन्हींची पाळी आठ तासांची करा. दंगल किंवा तशीच मोठी आपत्ती सोडली, तर बीटची माणसं बंदोबस्ताला काढायची असतील तेव्हा पोलीस उपायुक्तांची किंवा ग्रामीण भागात अधीक्षकांची लेखी परवानगी लागेल, आणि महिन्याला किती दिवस काढली ते जाहीर होईल, असा नियम करा. चौकीच्या दारावर बीट अंमलदाराचं नाव आणि खात्याचा मोबाईल नंबर लावा, आणि बदली झाली तरी नंबर तोच ठेवा. ११२ च्या आढाव्यात पोचण्याच्या वेळेच्या शेजारी आणखी दोन रकाने घाला, एकाच पत्त्यावरून पुन्हा आलेले कॉल किती आणि कॉल करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी भेटलं का. गृहखात्याच्या एका परिपत्रकात हे सगळं मावतं. आणि ते निघेपर्यंत आपल्या भागातल्या शांतता समितीच्या किंवा मोहल्ला कमिटीच्या पुढच्या बैठकीत वरिष्ठ निरीक्षकांना एवढं जरूर विचारा, आमच्या बीटचा माणूस कोण, आणि गेल्या महिन्यात तो किती दिवस आमच्या बीटवर होता.